वाइन आस्वादन

वाइन आस्वादन म्हणजे द्राक्षापासून किण्वनाने तयार झालेल्या मद्याचे (वाइनचे) रंग, गंध, चव आणि तोंडातील स्पर्श यांच्या आधारे केलेले पद्धतशीर परीक्षण होय. नशा येणे हा या क्रियेचा हेतू नसतो. व्यावसायिक परीक्षक चाखलेला घोट बहुधा गिळत नाहीत, तो पिकदाणीत टाकतात. द्राक्षाची जात, ज्या मातीत व हवामानात ते पिकले ती माती व ते हवामान, तोडणीच्या वेळची पक्वता आणि वाइन करणाऱ्याचे कौशल्य यांचा अंदाज या परीक्षणातून बांधता येतो. युरोपात, विशेषतः जर्मनी व फ्रान्समध्ये, गावातील वाइनच्या दुकानात बाटली विकत घेण्यापूर्वी ती चाखून पाहण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रात आस्वादनाचा प्रसार प्रामुख्याने नाशिक परिसरातील वाइनरींमधून झाला. राज्यातील मद्यविषयक कायदा, द्राक्ष बागायतदारांचे हितसंबंध आणि दारूबंदीची चळवळ यांमुळे हा विषय येथे केवळ रुचीचा राहिलेला नाही.

== पार्श्वभूमी ==

दख्खनच्या पठाराचा वाइनशी आलेला संबंध आधुनिक काळाच्या पुष्कळ आधीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा (भडोच) बंदरात उतरणाऱ्या मालात इटालियन वाइनचा उल्लेख आहे. या बंदराचा पैठण व तेर या शहरांशी व्यापार होता. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ पासून उत्खनन झाले. त्यात रोमन बनावटीच्या अँफोरा या दोन कानांच्या कुंभांचे तुकडे मिळाले. अशा कुंभांतून वाइन व तेल यांची वाहतूक होत असे.

आयुर्वेदातील द्राक्षासव व द्राक्षारिष्ट हीदेखील किण्वनाने सिद्ध होणारी द्रव्ये आहेत. त्यांत धायटीची फुले घालण्याची पद्धत आहे. मात्र ती औषधे असल्याने मात्रेने घेतली जातात. त्यांची चव तपासण्याची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली नाही.

== महाराष्ट्रातील वाइनउद्योग ==

आधुनिक काळात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू केले. ही वाइन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली गेली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लाँ व शेनिन ब्लाँ या जातींची लागवड केली. त्यातून सुला ही वाइनरी उभी राहिली. २००५ मध्ये तेथे पर्यटकांसाठी आस्वादन कक्ष सुरू झाला. अशा प्रकारच्या देशातील पहिल्या कक्षांत त्याची गणना होते. पुढे दिंडोरी, निफाड व इगतपुरी तालुक्यांत आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरातही वाइनरी सुरू झाल्या.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानुसार वाइनला उत्पादनशुल्कात सवलत मिळाली, तर नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २००८-०९ च्या सुमारास जागतिक मंदी व मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे वाइनची मागणी घटली. काही वाइनरी बंद पडल्या. करार करून वाइनची द्राक्षे लावलेल्या अनेक बागायतदारांची द्राक्षे पडून राहिली व त्यांना वेली उपटून टाकाव्या लागल्या. खाण्याच्या द्राक्षांना वाइनरीचे दार बंद झाले तरी बाजारपेठ असते. वाइनच्या द्राक्षांची फळे लहान, बियांची व जाड सालीची असल्याने त्यांना दुसरे गिऱ्हाईक नसते. राज्यातील एकूण द्राक्षक्षेत्रात वाइनच्या जातींचा वाटा अगदी लहान आहे.

== आस्वादनाची पद्धत ==

आस्वादन साधारणतः चार पायऱ्यांनी केले जाते.

; पाहणे
पेला तिरका धरून पांढऱ्या कागदावर वाइनचा रंग पाहतात. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होत जाते, तर लाल वाइन फिकी होऊन विटकरी छटा धारण करते.

; हुंगणे
पेल्यात वाइन एकतृतीयांशाहून कमी ओततात आणि पेला हलकेच फिरवून गंध घेतात. ट्यूलिप फुलाप्रमाणे वर निमुळता होत जाणारा पेला गंध कोंडून ठेवतो. अशा परीक्षणाच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ ३५९१) १९७७ मध्ये ठरवण्यात आले. ज्याला आपण 'चव' म्हणतो तिचा मोठा भाग वस्तुतः गंधाचा असतो. सर्दी झालेल्या माणसाला जेवण बेचव लागते, त्याचे कारण हेच होय.

; चाखणे
लहानसा घोट तोंडात सर्वत्र फिरवतात. गोडी, आंबटपणा, तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि एकंदर भारदस्तपणा यांकडे स्वतंत्रपणे लक्ष दिले जाते. तुरटपणा हा खरे पाहता चवीचा नव्हे, तर स्पर्शाचा अनुभव आहे. द्राक्षाच्या सालीतील व बियांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते व जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. हिरडा, कच्ची सुपारी किंवा अर्धवट पिकलेले जांभूळ खाताना येणारा अनुभव याच जातीचा आहे.

; निष्कर्ष काढणे
घोट टाकल्यावर किंवा गिळल्यावर चव किती काळ टिकते, तिचे घटक एकमेकांना तोलून धरतात काय, याचा विचार करून नोंद केली जाते.

अनेक वाइन एकाच बैठकीत चाखावयाच्या असल्यास हलक्याकडून भारीकडे आणि कोरड्याकडून गोडाकडे असा क्रम ठेवतात. मध्ये पाणी व साधा पाव घेतात. बाटलीवरील नाव व किंमत यांचा मतावर परिणाम होऊ नये म्हणून कापडाने झाकलेल्या बाटल्यांतून केलेले परीक्षण अधिक विश्वसनीय मानले जाते.

तापमानाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी हा संकेत युरोपातील थंड घरांमुळे रूढ झाला. तेथे त्याचा अर्थ १६ ते १८ अंश सेल्सियस असा होतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान याच्या दुपटीवर जाते. त्यामुळे येथे लाल वाइनही काही काळ थंड करणे आवश्यक ठरते. हलक्या पांढऱ्या वाइनसाठी ८ ते १० अंश तापमान योग्य समजले जाते.

== मराठीतील आस्वादन-परिभाषा ==

वाइनच्या वर्णनाची प्रचलित परिभाषा युरोपीय फळे, फुले व मसाले यांवर आधारलेली आहे. गूजबेरी किंवा काळी करंट ज्याने कधी खाल्ली नाही त्याला त्या वर्णनाचा उपयोग नसतो. तथापि वाइनमधील गंधद्रव्ये अन्य वनस्पतींतही आढळत असल्याने परिचित वस्तूंच्या आधारे तेच वर्णन करता येते. सोव्हिन्यों ब्लाँमधील हिरवट गंध ढोबळ्या मिरचीच्या गंधाशी जुळतो, कारण दोहोंत पायराझीन गटातील संयुगे असतात. शिराझमधील तिखटसर गंध काळ्या मिरीचा आहे. रोटंडोन हे संयुग दोहोंत असते. शेनिन ब्लाँमध्ये पिकलेल्या पेरूचा, तर गडद लाल वाइनमध्ये जांभळाचा किंवा करवंदाचा भास अनेकांना होतो. लिंबाची साल, कैरी, मोसंबी, मध आणि पहिल्या पावसानंतरची माती हे शब्दही वर्णनासाठी उपयोगी पडतात.

== जर्मन वाइनचे आस्वादन ==

जर्मनीत वाइनचे १३ अधिकृत प्रदेश असून द्राक्षलागवडीचे एकूण क्षेत्र सुमारे एक लाख हेक्टर आहे. ऱ्हाइनहेसन हा सर्वांत मोठा प्रदेश होय. मोझेल, ऱ्हाइनगाउ, फाल्त्स, नाहे, बाडेन व फ्रांकन हे अन्य प्रसिद्ध प्रदेश आहेत. एकूण क्षेत्राचा सुमारे दोनतृतीयांश भाग पांढऱ्या वाइनच्या जातींखाली आहे. रीसलिंग ही प्रमुख जात असून तिचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १४३५ मधील आहे. म्युलर-थुरगाउ, सिल्व्हानर आणि लाल जातींमध्ये श्पेटबुर्गुंडर व डोर्नफेल्डर याही जाती लावल्या जातात.

=== आंबटपणा व गोडी ===

जर्मन द्राक्षबागा ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकते व त्यातील आम्ल टिकून राहते. उष्ण प्रदेशात वेलीवरील फळातील मॅलिक आम्ल लवकर खर्ची पडते. नाशिकच्या वाइनरींपुढील ही मुख्य अडचण आहे. तीवर उपाय म्हणून येथे द्राक्षाचे चक्र हिवाळ्यात आणले जाते. पावसाळा संपत येताना छाटणी केली जाते आणि फळ डिसेंबर ते मार्च या काळात पिकते. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. रात्रीची ही थंडी वाइनच्या द्राक्षांना उपकारक ठरते. सुला वाइनरीने रीसलिंगपासूनही वाइन केली आहे. जर्मन व नाशिकची रीसलिंग शेजारी ठेवून चाखल्यास हवामानाचा परिणाम प्रत्यक्ष जिभेवर कळतो.

जुन्या रीसलिंगमध्ये चक्क रॉकेलसारखा गंध येतो. नवख्या व्यक्तीस तो दोष वाटतो. वस्तुतः टीडीएन या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुगामुळे तो निर्माण होतो. बाटली जुनी होत जाते तसा तो वाढतो. माफक प्रमाणात असलेला हा गंध या जातीची ओळख मानला जातो.

=== बाटलीवरील मजकूर ===

१९७१ च्या जर्मन वाइन कायद्याने उच्च प्रतीच्या वाइनची वर्गवारी तोडणीच्या वेळच्या पक्वतेनुसार केली. चढत्या क्रमाने काबिनेट, श्पेटलेझे (उशिरा तोडलेली), आउसलेझे (निवडक घडांची), बेरेनआउसलेझे (निवडक मण्यांची) आणि ट्रॉकनबेरेनआउसलेझे (वेलीवरच सुकलेल्या मण्यांची) असे तिचे वर्ग आहेत. आइसवाइन हा आणखी एक वर्ग असून त्यासाठी मणी वेलीवरच उणे ७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात गोठावे लागतात. २०१९ च्या हंगामात पुरेशी थंडी न पडल्याने जर्मनीत कोठेही आइसवाइन होऊ शकली नाही.

पक्वता 'ओक्स्ले' या अंशांत मोजतात. एक लिटर द्राक्षरस एक लिटर पाण्याहून जितके ग्रॅम जड, तितके त्याचे ओक्स्ले अंश होत. महाराष्ट्रातील बागायतदार घड तोडण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरने 'ब्रिक्स' पाहतो, ते याच गुणाचे वेगळे माप आहे. २० ब्रिक्स म्हणजे सुमारे ८३ ओक्स्ले.

ही वर्गवारी द्राक्षातील साखरेची आहे, वाइनमधील साखरेची नव्हे. ग्राहकांची सर्वाधिक फसगत येथे होते. श्पेटलेझे वर्गातील द्राक्षांची सर्व साखर किण्वनात खर्ची पडली तर वाइन कोरडी होते. किण्वन मध्येच थांबवल्यास ती गोड राहते. म्हणून 'ट्रॉकन' (कोरडी) व 'हाल्बट्रॉकन' (अर्धकोरडी) हे शब्द पाहणे आवश्यक असते. ट्रॉकन वाइनमध्ये लिटरमागे साखर जास्तीत जास्त ९ ग्रॅम असते. 'फाइनहेर्ब' या शब्दाला मात्र कायदेशीर व्याख्या नाही. असा कोणताही शब्द नसल्यास मद्यार्काचे प्रमाण उपयोगी पडते. ८ ते ९ टक्के मद्यार्क असलेली मोझेलची रीसलिंग बहुधा गोडसर, तर १२ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेली बहुधा कोरडी असते.

जर्मन वाइन म्हणजे स्वस्त व गोड वाइन हा समज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीबफ्राउमिल्श' या नावाने मोठ्या प्रमाणावर निर्यात झालेल्या वाइनमुळे पसरला. आज देशांतर्गत जर्मन बाजारात कोरड्या वाइनचे प्रमाण मोठे आहे.

=== मराठी जेवणाबरोबर ===

मद्यार्कामुळे मिरचीची आग वाढते व साखरेमुळे ती शमते. त्यामुळे काळ्या मसाल्याचे मटण किंवा तांबडा रस्सा अशा पदार्थांबरोबर जास्त मद्यार्काच्या व तुरट लाल वाइनपेक्षा कमी मद्यार्काची, किंचित गोड रीसलिंग अधिक जुळते. तिच्यातील आंबटपणा तेलकटपणा कापतो. जेवणात लिंबाची फोड किंवा सोलकढी जे कार्य करते, तेच येथे घडते.

== दुकान व कायदा ==

जर्मनीत वाइनविक्रेत्याच्या दुकानात विनामूल्य किंवा अल्प शुल्क घेऊन चव देतात. अशा चाचणीला तेथे 'वाइनप्रोबे' म्हणतात. महाराष्ट्रात 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात प्रत्यक्षात व्हिस्की, रम व बियर यांचीच विक्री मुख्यत्वे होते. एफएल-२ अनुज्ञप्ती असलेले हे दुकान मोहोरबंद बाटल्या विकते. तेथे बाटली उघडून चव देता येत नाही. त्यामुळे येथील ग्राहकाला बाटली चाखल्यावाचून घ्यावी लागते. आस्वादन वाइनरीच्या आवारात, परवानाधारक उपाहारगृहांत किंवा खास परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांत होते. आयात वाइनवर अनेक वर्षे १५० टक्के सीमाशुल्क असल्याने जर्मन वाइन मोजक्या शहरी दुकानांपुरतीच मर्यादित राहिली.

राज्यात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही लागू असून मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना आवश्यक आहे. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचा राज्याने प्रयत्न करावा असे निदेशक तत्त्व आहे.

== विरोध व वाद ==

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फूट क्षेत्राच्या सुपरमार्केट व मोठ्या किराणा दुकानांत स्वतंत्र कपाटातून वाइन विकण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला. धार्मिक स्थळे व शिक्षणसंस्था यांच्या जवळ आणि दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत ही मुभा नव्हती. वाइन हे शेतमालावरील प्रक्रियेचे उत्पादन असून तिची विक्री वाढल्यास द्राक्ष बागायतदारांचा लाभ होईल, अशी शासनाची भूमिका होती.

या निर्णयास अहमदनगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे समाजसेवक अण्णा हजारे यांनी विरोध केला आणि १४ फेब्रुवारी २०२२ पासून उपोषण करण्याचे जाहीर केले. शासनाने जनतेची मते मागवण्याचे आश्वासन दिल्यावर आणि ग्रामसभेने आग्रह केल्यावर त्यांनी उपोषण स्थगित केले. पुढे नियमांच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवण्यात आल्या. तथापि निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही.

या जिल्ह्यातील विरोधामागे स्थानिक अनुभव आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या काळात, नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारू पिऊन अनेकांचा मृत्यू झाला. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मागणीवरून गुप्त मतदान घेण्याची तरतूद राज्यात असून 'उभी बाटली' व 'आडवी बाटली' या चिन्हांमुळे ते प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. लहान वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर ठरवण्यात आले आणि पुढे या मनाईत आणखी शिथिलता आली. पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या महामार्गालगतच्या बाजारपेठेच्या गावांशी या आदेशाचा थेट संबंध होता. पाथर्डी हा अवर्षणप्रवण व ऊसतोडणी मजुरांच्या स्थलांतराचा तालुका आहे. अशा भागात 'वाइन' हा शब्द द्राक्षबागेपेक्षा दुकानाच्या पाटीवरूनच अधिक परिचित आहे.

दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत वाइन हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. समर्थक तो नाशिकच्या द्राक्षापासून झालेल्या पेयासाठी वापरतात. विरोधकांसमोर मुख्यतः मळीपासून व धान्यापासून काढलेल्या मद्यार्काची सर्व दारू असते. वाइनमध्ये मद्यार्क सामान्यतः ८ ते १५ टक्के, तर व्हिस्की-रममध्ये सुमारे ४० टक्के असतो. मात्र प्रमाण कमी असले तरी द्रव्य तेच, इथेनॉल, असते.

== आरोग्य ==

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्ययुक्त पेयांचा समावेश मानवास कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात केला. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. लाल वाइन हृदयास हितकारक असल्याचा दावा विक्रीच्या वेळी वारंवार केला जातो. आरोग्यासाठी मद्यपान सुरू करण्याचा सल्ला देण्यास तो पुरेसा आधार मानला जात नाही. एका बैठकीत ५० मिलिलिटरचे आठ नमुने गिळल्यास अर्ध्या बाटलीहून अधिक वाइन पोटात जाते. त्यामुळे पिकदाणीचा वापर हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. आस्वादनानंतर वाहन चालवणे टाळावे. गर्भवतींनी, तसेच यकृताचे विकार किंवा व्यसनाधीनतेचा पूर्वेतिहास असलेल्यांनी आस्वादनात सहभागी होऊ नये.

== हेसुद्धा पहा ==

* द्राक्ष
* किण्वन
* नाशिक जिल्हा
* रीसलिंग
* द्राक्षासव
* महाराष्ट्रातील दारूबंदी
* नेवासे